मधली जागा

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. मित्राच्या मित्राच्या मामेभावाला दिसलं, तसलं काही नाही. हे माझ्या घरात घडलंय आणि यातली सगळी माणसं आजही हयात आहेत. विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. माझ्यावर हे बेतलं नसतं तर मीही ठेवला नसता.

आणखी एक. हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपार होती. जेवायची वेळ.

मी खांग. ह्वे शहरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाआधीचे फोटो काढणं हा माझा मुख्य धंदा. आमच्याकडे लग्नाच्या हॉलच्या तोंडाशी नवरा-नवरीचा दाराएवढा फोटो लावतात, आणि तो इतरांपेक्षा भारी दिसावा म्हणून लोक काय वाट्टेल ते करतात. कुणी समुद्रात गळ्यापर्यंत उभं राहतं, कुणी म्हशीवर बसतं. त्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यात पडक्या जागांचं खूळ शिरलं होतं.

आमच्या शहराच्या दक्षिणेला डोंगर आहे. फ्रेंच साहेबांनी थंड हवेसाठी तिथे बंगले बांधले होते आणि माथ्याजवळ एक मोठं हॉटेल. साहेब गेले, लढाया झाल्या, छप्पर गेलं, भिंती तेवढ्या उरल्या. हॉटेलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ह्वेच्या लोकांना कळेलच, बाकीच्यांनी शोधायच्या भानगडीत पडू नये.

माझ्या धाकट्या बहिणीला, येनला, फोटो तिथेच हवे होते.

“दादा, तू परक्यांचे इतके छान काढतोस. सख्ख्या बहिणीचे काय बागेत काढणार?”

“तिथे जळवा आहेत,” मी म्हटलं.

“तोआनला चिकटतील. त्याचं रक्त गोड आहे.”

तोआन म्हणजे तिचा होणारा नवरा. साधा, हसरा माणूस. येन जे म्हणेल त्याला मान डोलवायची एवढंच त्याचं काम.

लग्नाआधी मुलीला अशी डोंगरावर सोडणार नाही, म्हणून आईही निघाली. वडील गेल्यापासून आमच्या घरात आईचा शब्द शेवटचा. केळीच्या पानात वाफवलेल्या कोळंबीच्या वड्यांची पिशवी मांडीवर घेऊन ती गाडीत पुढे बसली आणि डोंगर चढेपर्यंत माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत राहिली.

वर पोचलो तेव्हा ऊन होतं. आवारात आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती. मला बरंच वाटलं. नाहीतर एका खिडकीसाठी चार-चार जोडपी रांगेत उभी असतात.

आम्ही आधी बाहेरच्या ओट्यावर फोटो काढले. मग आतल्या जेवणघरात गेलो. मोठं दालन, कमानीच्या खिडक्या, लाल-काळ्या फरशीवर शेवाळ. एका कोपऱ्यातून रुंद दगडी जिना वर जात होता. मी येनला जिन्याच्या पायथ्याशी बसवलं, झगा पसरला आणि काम सुरू केलं.

तेवढ्यात धुकं आलं.

आमच्या डोंगरावर धुकं येतं ते असंच. सांगून येत नाही. कमानीतून आत शिरलं आणि बघता बघता जिन्याचा वरचा भाग दिसेनासा झाला. मला आनंद झाला. धुक्यात झगा पांढराशुभ्र दिसतो.

मग एक गोष्ट लक्षात आली.

इतका वेळ बाहेर रातकिड्यांनी कान किटवले होते...

आता एकही ओरडत नव्हता.

“वर कुणीतरी झाडतंय,” तोआन म्हणाला.

आम्ही ऐकलं. खरंच, वरून झाडूचा आवाज येत होता. सर्र... सर्र... कामवाल्या बाईचा असतो तसा, एका लयीत.

“असेल कुणी रखवालदारीण,” आई म्हणाली. “पडक्या घरात सुद्धा केर काढते बघा. आणि आमच्या येनबाई! सासरी काय दिवे लावणार आहेत देव जाणे.”

येनने तोंड वाकडं केलं. आम्ही हसलो. खरं सांगतो, त्या क्षणी कुणालाही भीती वाटली नव्हती.

फोटो संपत आले तशी आई पुढे आली. “एक माझ्याबरोबर काढ रे,” म्हणाली आणि केस सारखे करत येनला चिकटून उभी राहिली. एका बाजूला तोआन, मधे येन, दुसऱ्या बाजूला आई. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि आई एकदम ओरडली.

“थांब! तीन!”

आमच्याकडे तिघांचा फोटो काढत नाहीत. मधला माणूस लवकर जातो. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या स्टुडिओत यासाठीच एक कापडी बाहुली ठेवलेली आहे. तिघं आले की बाहुली हातात द्यायची, म्हणजे चार होतात. गिऱ्हाईक खूश. पण ती बाहुली डोंगरावर कोण नेतं?

“आई, मी आहे की चौथा.”

“तू फोटोत आहेस का? मग गप बस.”

“बरं बाई, गाडीतून ट्रायपॉड आणतो. टायमर लावून मीही उभा राहतो.”

“आणि तोवर आम्ही इथे गारठायचं? ती बघ, ती बाई आहे की.”

मी वळून बघितलं.

जिन्यावर, धुकं जिथून सुरू होत होतं तिथे... एक बाई उभी होती.

जांभळा, लांब अंगरखा. आमच्याकडच्या जुन्या बायका घालतात तसा, धुऊन धुऊन विटलेला. केस मागे घट्ट बांधलेले. हातात झाडू. वय सांगता येईना.

“अहो ताई!” आईने हाक मारली. “या ना जरा. एक फोटो काढायचाय. चौथं माणूस हवंय.”

बाई हलली नाही.

“या हो! लाजताय काय? माझ्या मुलीचं लग्न आहे. फोटो झाला की आमच्याबरोबर दोन घास खा. आज आमच्यातल्याच समजा.”

त्यावर तिने मान वर केली. झाडू भिंतीला टेकवला आणि ती खाली आली.

पायऱ्यांवर वाळक्या पानांचा खच होता. आम्ही चाललो तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज येत होता...

ती आली तेव्हा आला नाही.

“मी कुठे उभी राहू?” तिने विचारलं.

आवाज घोगरा होता. खूप दिवसांत कुणाशी बोलली नसावी तसा.

“नवरीच्या शेजारी उभ्या राहा,” आई म्हणाली आणि स्वतः बाजूला सरकून तिने येन आणि आपल्यामधे जागा केली. इतकंच नाही, तिच्या खांद्यावर हातही ठेवला. आई तशीच आहे. बसस्टॉपवर भेटलेल्या बाईलाही गळामिठी मारते.

मी लेन्सवरचं पाणी पुसलं, दोन-तीन फोटो काढले. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर सगळं धुरकट दिसत होतं. ठीक आले असतील, असं म्हणून मी आवराआवर करायला लागलो.

आई पिशवीतून वडी काढून वळली. “घ्या ताई...”

तिथे कुणी नव्हतं.

“गेली वाटतं वर,” आई जिन्याकडे बघत म्हणाली. “न खाताच गेली. लाजाळू आहे बिचारी.”

झाडूचा आवाज मात्र पुन्हा आला नाही. आम्ही निघेपर्यंत आला नाही.

गाडीत मी आणि आई पुढे, येन आणि तोआन मागे. उतार सुरू झाला तशी येन कुरकुरायला लागली.

“दादा, बॅगा मागच्या सीटवर कशाला टाकल्यास? मला हलायला जागा नाही.”

बॅगा डिकीत होत्या.

मी आरशात बघितलं. येन तोआनला अगदी खेटून बसली होती, आणि तिच्या पलीकडे दारापर्यंतची जागा मोकळी होती.

संध्याकाळी घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले. एकट्या येनचे सुरेख आले होते. दोघांचेही. मग तो फोटो उघडला.

तोआन. येन. आई.

तिघंच.

येन आणि आई यांच्यामधे एका माणसाएवढी मोकळी जागा. मागची भिंत, शेवाळ, सगळं स्पष्ट दिसत होतं. आणि आईचा हात... त्या मोकळ्या जागेत, खांद्याच्या उंचीवर, हवेत टेकलेला.

तिन्ही फोटोंत तसंच.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला तो त्या बाईमुळे नाही. ती कुणी का असेना. मला एवढंच दिसत होतं की माझ्या कॅमेऱ्यात तिघांचा फोटो आहे आणि मधे माझी बहीण उभी आहे.

मी ते फोटो कुणाला दाखवले नाहीत. लग्न तोंडावर आलं होतं. आईने विचारलं तर म्हणालो, हलले, खराब झाले. पुसून टाकायला गेलो, पण हात धजावला नाही. तो फोटो पुसला आणि त्याच्याबरोबर येनला काही झालं तर?

लग्न थाटात झालं. पण येन त्या दिवसापासून एकच वाक्य सारखं बोलायला लागली. जेवायला बसली की, हॉलमधे पाहुण्यांत उभी राहिली की, कधीही.

“सरका ना जरा.”

शेजारी कुणी नसायचं.

तोआनने एकदा मला बाजूला घेतलं. “दादा, हसू नका. रात्री ती मला पलंगावरून ढकलते. म्हणते, पलीकडून दाबतंय, जागा नाही. पलीकडे भिंतीपर्यंत अर्धा पलंग मोकळा असतो हो.”

मी हसलो नाही.

मग तेत आला. आमचं नवीन वर्ष. त्याच्या पहिल्या दिवशी घरात कुणीही झाडूला हात लावत नाही. केराबरोबर वर्षभराचं भाग्य दाराबाहेर जातं. आणि नेमकं त्याच सकाळी तोआनच्या आईने झाडण्याचा आवाज ऐकला. नव्या सुनेच्या खोलीतून. सर्र... सर्र... आतून दाराकडे.

सासूबाईंनी दारावर थापा मारल्या. “अगं, काही रीतभात शिकवली की नाही आईने? पहिल्याच दिवशी भाग्य झाडून काढतेस का आमचं?”

दार तोआनने उघडलं. येन गाढ झोपेत होती. त्या खोलीत झाडू नव्हताच.

दुसऱ्या दिवशी दोघं आमच्याकडे आले, उतरलेल्या चेहऱ्यांनी. आई म्हणाली, देवळात जाऊन येऊ. तोआनच्या स्कूटरवर येन मागे बसली. मी आईला घेऊन माझ्या गाडीतून त्यांच्या मागोमाग. नदीकाठच्या चौकात पोलिसाने शिट्टी मारली आणि त्यांना बाजूला घेतलं.

“काय हो, ट्रिपल सीट? सणाचे दिवस आहेत म्हणून काहीही चालवून घ्यायचं का?”

“साहेब, दोघंच आहोत,” तोआन म्हणाला.

“मला काय डोळे नाहीत? ती मागची...”

पोलीस जवळ आला. स्कूटरकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं, कुणी उतरून पळालं का म्हणून. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

“जा,” एवढंच म्हणाला. “हळू जा.”

येन रडायला लागली होती. “दादा, मला घरी ने. तोआन पुढे असतो आणि मागून कुणीतरी टेकून बसतं. मी मधे चेंगरतेय रे.”

मधे.

हा शब्द ऐकला आणि मला तो फोटो आठवला. आईने मात्र तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, अशक्तपणा असेल, रक्त तपासून घेऊ. आईला अजून काहीच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात पुलाच्या चढावर त्यांची स्कूटर उलटली. समोरून कुणी आलं नव्हतं, रस्ता कोरडा होता. तोआन सांगत होता, गाडी मागून जड होत गेली आणि पुढचं चाक उचललं. त्याला खरचटलं. येनचं डोकं कठड्यावर आपटलं. हेल्मेटचे दोन तुकडे झाले.

ती शुद्धीवर येईना. डॉक्टर नक्की काही सांगेनात. आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून होतो. आत तोआन तिच्या उशाशी.

नर्स बाहेर आली ती वैतागूनच. “पेशंटजवळ एकालाच बसता येतं. कितीदा सांगायचं? त्या दुसऱ्या बाईंना बाहेर बोलवा.”

“कुठल्या बाई?” आईने विचारलं.

“त्या जांभळ्या कपड्यातल्या. बोलतही नाहीत, उठतही नाहीत.”

आई उठून दाराशी गेली. काचेतून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“खांग. डोंगरावरचा तो फोटो दाखव.”

“आई, तो खराब...”

“दाखव म्हणते ना!”

मी मोबाइलवर काढून दिला. मला वाटलं ती किंचाळेल. तिने फक्त हवेत टेकलेल्या आपल्या हातावर बोट फिरवलं.

“मीच बोलावलं तिला,” ती म्हणाली. “आमच्यातल्याच समजा, म्हणाले. ती बिचारी समजली.”

“आई, कुणी भटजी, कुणी जाणकार बघू या...”

“हाकलायला? बोलावून आणलेल्या माणसाला असं हाकलतात होय रे? जागा मी दिली. आता दुसरी जागाही मीच देणार. गाडी काढ. आणि तुझं ते तीन पायांचं घे.”

तेव्हा मला कळलं की तिच्या मनात काय आहे. वाटेत मी खूप बोललो. रागावलो, हात जोडले. ती वड्यांची पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसली होती. आई गप्प बसली की मला भीती वाटते.

वर लख्ख ऊन होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. आम्ही जेवणघरात गेलो आणि पहिल्यांदाच मी मान वर करून तो जिना शेवटपर्यंत बघितला.

दहा-बारा पायऱ्या...

आणि पुढे आकाश.

वरचा मजला कधीचाच कोसळला होता. झाडायला वर काही नव्हतंच. उभं राहायलाही नव्हतं.

आईने वर बघितलं आणि खाली बघितलं. बाकी सगळीकडे शेवाळ, पण पायथ्याची फरशी तेवढी स्वच्छ होती. तिथे तिने पान मांडलं. भात, वड्या, फळं, उदबत्त्या. मग फतकल मारून बसली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

“ताई, त्या दिवशी तुम्ही न जेवताच गेलात. जेवा आता. तुमचं कुणी नसेल करणारं, कळतं मला. साहेब लोक गेले, तुम्हाला कुणी सांगितलं पण नसेल घरी जा म्हणून. पण माझी पोर लहान आहे हो. तिच्या शेजारी नका राहू. माझ्या राहा.”

रातकिडे एकदम गप्प झाले.

आई उठली. “लाव कॅमेरा. एका बाजूला तू, एका बाजूला ती. मधे मी.”

“मी नाही लावणार.”

“मग खाली फाटकावर तिकिटं फाडणारा माणूस आहे, त्याला बोलावते. मोबाइलवर काढेल तो. तुझी बहीण तिकडे मरतेय, खांग.”

सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी ट्रायपॉड उघडला. स्क्रू दोनदा काढून पुन्हा बसवला. मनाशी एक ठरवलं होतं. टायमर लावायचा, धावत जायचं आणि आईला कडेला ढकलून स्वतः मधे उभं राहायचं. मी बटण दाबलं. लाल दिवा उघडझाप करायला लागला. मी धावलो.

पण आई माझीच आई आहे. तिने ओळखलं होतं. मी इकडून घुसायला गेलो की ती इकडे, तिकडून गेलो की तिकडे. त्या उजाड दालनात आम्ही मायलेक रांगेत घुसणाऱ्यांसारखे एकमेकांना कोपरं मारत होतो. मी रडत होतो. ती पण रडत होती आणि मला शिव्या देत होती. शेवटी मी तिचा हात घट्ट धरला आणि आम्ही तसेच थांबलो, खांद्याला खांदा लावून.

दिवा भराभर लुकलुकायला लागला...

आणि आमच्या मागून, अगदी मानेजवळून, आवाज आला.

“मी कुठे उभी राहू?”

आईने तोंड उघडलं. ती काय म्हणणार ते मला माहीत होतं.

“मधे!” मी ओरडलो. “आमच्या मधे!”

क्लिक.

का ओरडलो, कसं सुचलं, माहीत नाही. विचार करून नाही केलं. एवढंच वाटलं की मधला माणूस जातो, तर जो आधीच गेलाय तो जाऊन जाऊन कुठे जाणार?

आम्ही कॅमेऱ्याजवळ गेलो. फोटोत एका टोकाला आई, एका टोकाला मी. आमच्यामधे एका माणसाएवढी मोकळी जागा.

मी आईचा हात सोडला नव्हता. शपथेवर सांगतो. फोटो निघाला तेव्हा तो माझ्या मुठीत होता.

आवारात आलो आणि माझा फोन वाजला. तोआन हुंदके देत होता. येनने डोळे उघडले होते. पाणी मागितलं होतं. आणि म्हणाली होती, किती मोकळं वाटतंय.

आई मटकन गाडीच्या पायरीवर बसली. मग माझ्या दंडावर एक चापट मारली. “मोठा शहाणा! मधे म्हणे!” आणि पोटभर रडली.

येन बरी झाली. आता तिला मुलगी आहे, दोन्ही घरं डोक्यावर घेते. ‘सरका ना’ हे शब्द येनच्या तोंडून पुन्हा आले नाहीत. त्या दवाखान्यातलं तिला फारसं आठवत नाही आणि आम्ही आठवण करून देत नाही.

ती बाई मात्र आमच्याकडे राहिली.

म्हणजे दिसत नाही. त्रास देत नाही. पण मी आणि आई शेजारी बसलो की आमच्यामधून गार वारा आल्यासारखं वाटतं. आईने जेवणाच्या टेबलावर आम्हा दोघांमधे तिसरी वाटी आणि जेवायच्या काड्या मांडायला सुरुवात केली. मी चिडलो तर म्हणायची, “असू दे रे. तुझ्यापेक्षा बरी आहे, उलट बोलत नाही.”

दर तेतला आई माझ्याबरोबर एक फोटो काढून घेते. टायमर लावून, दिवाणखान्यातल्या भिंतीसमोर. कितीही चिकटून उभे राहा, फोटोत आमच्यामधे ती जागा असतेच. पहिल्या वर्षी माझी बोबडी वळली होती. मग सवय झाली. सवय कशाचीही होते. उलट ती जागा बघितली की मला हायसं वाटायचं. ती मधे आहे, म्हणजे आम्ही दोघं कडेला आहोत.

परवा यंदाच्या तेतचा फोटो काढला.

आईने चष्मा लावून बघितला आणि टाळ्याच वाजवल्या. “खांग! अरे बघ, जागा नाही! चिकटलोय आपण!”

खरंच. आईचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता. मधे सुई जाईल एवढीही फट नव्हती.

“गेली रे बाई,” आई म्हणाली. डोळे पुसत होती. “सुटली बिचारी. आपण पण सुटलो.” तिने वडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, येनला फोन केला, आणि ती तिसरी वाटी धुऊन कपाटात ठेवून दिली. इतक्या वर्षांत तिला एवढं खूश मी बघितलं नव्हतं.

मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला.

दोन माणसं असली की मी ती फ्रेमच्या बरोब्बर मधोमध घेतो. माझं आयुष्य त्यात गेलंय, झोपेतही चुकणार नाही. परवाही मी फरशीवर चिकटपट्टी लावून जागा ठरवली होती आणि आम्ही तिच्यावरच उभे होतो.

फोटोत आम्ही मधोमध नाही.

मी एका टोकाला आहे. माझ्या शेजारी आई. आणि आईच्या पलीकडे...

एका माणसाएवढी मोकळी भिंत.

आईचा त्या बाजूचा खांदा जरासा खाली दबलेला आहे. कुणी हात ठेवला की दबतो तसा.

काल मी म्हटलं, आई, आणखी एक काढू, हा थोडा हललाय. जागा बदलून उभे राहू. तिने ऐकलं नाही. हाच छान आलाय म्हणाली आणि फ्रेम करायला दुकानात देऊन आली. मी रिकाम्या खोलीत उभा राहून मोठ्याने म्हणून बघितलं, मधे ये, आमच्या मधे ये. कुणी उत्तर दिलं नाही. आता ती विचारत नाही. घर तिच्या पायाखालचं झालंय.

आईला मी काही सांगितलेलं नाही. येनलाही नाही. म्हणून इथे लिहितोय. कुणाला यावर काही माहीत असेल तर कृपा करून सांगा, चेष्टा करू नका.

आत्ता आई आत कांद्याची पात चिरतेय. मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसलोय. सुरीचा आवाज थांबला की उठून आत डोकावून येतो.